होर्मुझ दर्शन : अर्धा दिवस, आईसह

होर्मुझहून, शुक्रवारी, जेवणं उरकल्यावर

प्रिय झुलेखाताई,

धाकट्या शंबेचा छातीवर हात ठेवून सलाम. अय्यूबदाजींना त्याहून जरा जास्त वाकून सलाम, आणि त्यांची कंबर आता कशी आहे ते जरूर कळव. मुलं अभ्यासाला लागली असतील, तुझ्या शिवणयंत्राचा पट्टा बदलून झाला असेल, वरच्या मजल्यावरच्या बाईनं तुझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ओतायचं थांबवलं असेल आणि बंदर अब्बासला इकडच्यासारखं उकडत नसेल, अशी मी खुदापाशी दुवा मागतो. (उकडतच असेल. मधे समुद्राची एवढीशी पट्टी, तिकडे काय बर्फ पडणार आहे? पण मोठ्या बहिणीला लिहिताना सुरुवात अशी करावी हे बाबांनी मारून शिकवलंय.) इकडे खुशाली आहे. बकरी व्यायली. दोन्ही पिल्लं माझी डाव्या पायाची चप्पल खाऊन ठणठणीत आहेत. माझी तीनचाकी रिक्षा चालते आहे, म्हणजे उतारावर आपली आपण आणि चढावर टुरिस्टांनी ढकलली की.

तू म्हणशील, खिशात फोन असताना या शहाण्याला पत्र लिहायची कुठून बुद्धी झाली? ताई, आईच्या डोळ्यांतून जेवढं गेलंय तेवढं सगळं तिच्या कानांत जाऊन बसलंय. मी परसात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभा राहून तुला फोन केला तरी ती आतून ओरडते, ‘तिला सांग, मी मेल्यावर ये म्हणावं!’ गेल्या खेपेला मी मुद्दाम धक्क्यावर जाऊन तुझ्याशी बोललो. तू जे बोललीस ते माझ्याआधी घरी पोचलं. (शेजारची गुलअंदाम धक्क्यावर मासळी घ्यायला आली होती. तिचे कान आणि आईचे कान यांच्यात काही तरी तार टाकलेली असणार.) म्हणून हे पत्र. नाखवा जुमा संध्याकाळच्या बोटीनं आणून देईल. त्याला चहा दे, पण माहिती देऊ नकोस.

आता मुद्दा. तू त्या दिवशी म्हणालीस, ‘मी हात टेकले. ऑपरेशनच्या पहिल्या तारखेला ती धक्क्यावरून परत फिरली, दुसऱ्या तारखेला ऑपरेशनच्या खोलीच्या दारातून. तिला आंधळंच व्हायचं असेल तर होऊ दे. बुधवारची तारीख शेवटची. दाजी नेतील तिला, मी येणार नाही.’ तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तू दोनदा कामं टाकून, रांगेत उभी राहून नंबर लावलास आणि ती दोनदा तुला डॉक्टरांपुढे तोंडघशी पाडून आली. पण ताई, डॉक्टर काय म्हणाले तेही तुला ठाऊक आहे. मोतीबिंदू पिकून पार कडक झालाय, आणखी लांबवलंत तर पुढे मी हात लावणार नाही. म्हणजे बुधवारी ती गेली तर गेली, नाही तर उरलेलं आयुष्य चाचपडत. आणि हिला विचारावं तर उत्तर एकच, ‘मला काय धाड भरलीय? मला सगळं दिसतं.’

घरात ते खोटं ठरवायची सोय नाही. घर तिनंच मांडलेलं. सुरई कुठे, पिठाचा डबा कुठे, मी कुठे पाय पसरून बसणार, सगळं तिला पाठ. तेव्हा मी ठरवलं की हिला घराबाहेर काढायचं, बेटाच्या त्या बाजूला न्यायचं, चार परक्या लोकांसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, सांग, समोर काय आहे? दिसलं नाही की आपोआप कबूल करील. काल गुरुवार, टुरिस्टांचा दिवस. माझं ते नेहमीचं ‘बेटाचं दर्शन, अर्धा दिवस’ असतं ना, त्यातच तिला घेतलं. (अर्धाच दिवस का, असं टुरिस्ट विचारतात. दुपारनंतर इथे पाल बाहेर पडत नाही, ही माणसं काय बघणार?) आधी ती येईना. म्हणाली, ‘त्या बाजूला बघण्यासारखं आहे काय? माती! लहानपणी मी तिकडून जळण आणायचे. तेव्हा कुणी माझा फोटो नाही काढला.’ मग जरा वेळानं स्वतःच म्हणाली, ‘चल. तू लोकांना काय काय थापा मारतोस ते तरी कळू दे.’

धक्क्यावर मला जोडपं मिळालं ते तेहरानचं. मंदानाबाई आणि त्यांचे यजमान फरीबोर्झ. दोघं सज्जन, आणि तेच नडलं. आईला बघून दोघं रिक्षाजवळच थबकली. आजी, आधी तुम्ही. छे छे, पाहुणे आधी. आम्ही कसले पाहुणे, तुमच्या पायाची धूळ. असं कसं, माझ्या डोक्यावर बसा. तुला ठाऊकच आहे हे कसं चालतं. तेहरानच्या माणसाला ही आदब दुधातून पाजलेली असते आणि आपल्या आईला हरायचं माहीत नाही. सूर्य वर चढतोय, बाकीच्या रिक्षा निघून गेल्या, आणि ही तिघं तापलेल्या पत्र्याशेजारी एकमेकांची धूळ होताहेत. शेवटी मीच इंजिन सुरू केलं तेव्हा तिघं एकदम चढली आणि फरीबोर्झसाहेबांचा गुडघा फुटला. तरी ते म्हणाले, काही नाही, काही नाही, माझीच चूक.

पहिला मुक्काम मूर्तींच्या घळीचा. वाऱ्यानं कोरलेले खडक. तिथे माझी रोजची पोपटपंची असते. हा ड्रॅगन, हे कासव, ही रुसलेली राणी. (राणी मीच रुसवली. आधी ती नुसताच खडक होती, पण लोकांना गोष्ट लागते.) मी ड्रॅगनपाशी पोचतोय तोवर आई काठी टेकत पुढे गेली आणि एका पुरुषभर उंच खडकासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘सलाम, दोस्तमहंमद! बरा आहेस? घरचे बरे? मुलं बरी? बकऱ्या? सासऱ्याचा खोकला?’ ताई, माझं काळीज उडालं आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला. सापडली! आता हा खडक काही उत्तर देत नाही, आता हिला कळेल. पण चहावाला दोस्तमहंमद त्या खडकापलीकडेच किटली घेऊन बसलेला. तो ताडकन उठला आणि खडकाआडून म्हणाला, ‘सलाम, माहबीबीमावशी! सगळे बरे, खुदाची मेहेरबानी. तुम्ही बऱ्या? शंबे बरा? बकरी व्यायली म्हणे!’ दोघांनी मिळून दोन्ही घरची सगळी माणसं आणि जनावरं विचारून संपवली. आई समाधानानं वळली आणि मला म्हणाली, ‘दोस्तमहंमद वाळलाय रे फार. खडक झालाय नुसता.’

मी दोस्तमहंमदाला बाजूला घेऊन झापलं. म्हटलं, अरे, तिला चूक कळायला नको का? तो माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी म्हातारीला पाण्यात ढकल म्हणालो होतो. म्हणाला, ‘तुझी आई मला सलाम करते आणि मी तिला सांगू की तू दगडाशी बोलतेस? माझ्या आईनं मला हे शिकवलं नाही.’

लाल किनाऱ्यावरही तीच गत. लाटा येतात त्या रक्तासारख्या, लोक बघून येडे होतात. आई उतरली, समुद्राकडे पाठ केली, आणि समोर बघत म्हणाली, ‘आज काय लाल दिसतोय बघा!’ समोर होता मासे पकडणाऱ्या माहीगीरांच्या टपरीचा हिरवा प्लास्टिकचा कागद. मी मंदानाबाईंकडे बघितलं. त्यांना कळलं, चांगलं कळलं. त्यांनी त्या हिरव्या कागदाकडे टक लावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘खरंच आजी, किती सुंदर लाल!’ फरीबोर्झसाहेबांनी तर कागदाचा फोटो काढला. आता आईच्या बाजूनं तेहरानची दोन शिकलेली माणसं साक्षीला, माझं कोण ऐकतो? तेवढ्यात आईनं खाली वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि थुंकली. म्हणाली, ‘या खालच्या मातीची चटणी करायची नाही हं. खारट होते. वरच्या डोंगराची घ्यावी, मासळीत आणि नारंगीच्या सालीत मुरवावी.’ म्हातारी माती खाते हे बघून फरीबोर्झसाहेब फोनवर लगेच त्या मातीत काय काय धातू असतात ते वाचायला लागले. त्यांचा चेहरा वाचता वाचता पडत गेला, कारण सकाळच्या न्याहारीला भाकरीवर तीच चटणी त्यांनी दोनदा मागून घेतली होती.

तिथून पुढे रिक्षा चालवताना मी गप्प होतो. (होय, मी. तू हसू नकोस.) मला वाटायला लागलं, ताई, की आपण सगळे फार सभ्य आहोत. हिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं, मी प्यायलो. गुलअंदामच्या सुनेला हिनं गुलअंदाम समजून तासभर त्या सुनेच्याच चुगल्या सांगितल्या, त्या पोरीनं हूं की चूं केलं नाही. सगळं बेट तिच्या पुढ्यातले खड्डे गुपचूप बुजवत चाललंय आणि ती म्हणते मला सगळं दिसतं. तिचं तरी काय चुकलं? या आदबीपायी ती एक दिवस ठार आंधळी होईल आणि तेव्हाही आम्ही म्हणू, वा, काय नजर आहे!

मग रंगीत दरी. तिथे टुरिस्ट तोंडाला माती फासतात, तांबडी, पिवळी, चांदीसारखी. मी आपला आईचा नकाब दाखवून ती नेहमीची कथा लावली. म्हटलं, बघा, आमच्याकडच्या जुन्या बायका लग्नापासून हा घालतात, कपाळापासून ओठापर्यंत, निळीत बुडवलेलं जाड कापड, डोळ्यांपुरती दोन भोकं, मधे नाकावर ही दांडी. कुणी म्हणतं उन्हासाठी, कुणी म्हणतं परक्या शिपायांना बाई पुरुष वाटावी म्हणून. हे मी रोज सांगतो, पण काल जिच्याबद्दल सांगत होतो ती शेजारी बसून ऐकत होती. मंदानाबाई फार हरखल्या. म्हणाल्या, ‘आजी, मी एकदा घालून बघू? एकच फोटो. लगेच परत देते.’ आईचा हात असा झटकन नकाबावर गेला, जणू कुणी ओढतंच आहे. म्हणाली, ‘आणि तेवढा वेळ मी काय घालू?’

मंदानाबाई बिचाऱ्या लालबुंद झाल्या (अर्ध्या मातीनं, अर्ध्या शरमेनं), माफी मागून मागून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, ‘अगं पोरी, रागावले नाही मी,’ आणि रिक्षात जाऊन बसली. खरंच रागावली नव्हती. ती घाबरली होती. आपली आई, ताई. जी वादळात तराफ्यावरून पलीकडच्या किश्म बेटावर गेली होती, जिनं बाबांना दोनदा घराबाहेर काढलं होतं, ती एका फोटोला घाबरली.

शेवटचा मुक्काम शांततेच्या दरीचा. तिथे मी टुरिस्टांना सांगतो की तोंड मिटा आणि कान उघडा, ऊन चढलं की डोंगरातलं मीठ तडकायला लागतं. ती दोघं ऐकायला पुढे वळणापलीकडे गेली. आम्ही दोघं दगडाच्या सावलीत बसलो. तिथे तोंड मिटायचं असतं हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, ‘ऑपरेशनला हा काढावा लागतो ना?’ मी म्हटलं, हो. ‘मग नंतर घालता येतो?’ मी म्हटलं, लगेच नाही, दांडी डोळ्याला दाबते, काही आठवडे थांबावं लागेल. तर म्हणाली, ‘ती नर्स दारातच म्हणाली होती, आजी, हे काढून इथे ठेवा. चपला काढून ठेवतात तशी. म्हणून मी परत फिरले. डॉक्टर कोवळा आहे, हे मी झुलेखाला आपलं निमित्त सांगितलं.’

ताई, आपण दोघं काय काय समजलो होतो! तुला वाटलं हट्ट, मला वाटलं ऑपरेशनची भीती. मी म्हटलं, आई, डॉक्टरची कसली लाज? तर माझ्यावरच उखडली. ‘लाज कसली मेल्या? तो माझ्या नातवाच्या वयाचा.’ मग बराच वेळ मीठ तडकत राहिलं. मग म्हणाली, ‘झुलेखाच्या मेंदीच्या दिवशी मी आरशात बघितलं होतं शेवटचं नीट. त्यानंतर डोळे जात गेले. तोंड धुते तेव्हा हाताला लागतं, पण ते कुणाचं आहे मला काय माहीत? गुलअंदामच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी काढली तेव्हा नर्सनं पहिल्यांदा काय दिलं, तर आरसा. बघा आजी म्हणाली, किती छान दिसतंय! गुलअंदाम घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. मी म्हटलं काय गं झालं, तर म्हणाली, ती म्हातारी कोण होती गं?’

मी रोज कितीतरी माणसांना डोंगर कसा बघायचा ते शिकवतो, नकाबाचा इतिहास पाठ म्हणतो, आणि त्या कापडामागे माझ्या आईला कशाची भीती वाटते हे मला काल दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तुला फोनवर हे सांगता आलं नसतं.

मग ती दोघं परत आली, आम्ही धक्क्यावर पोचलो, निरोप घेताना पुन्हा धुळीचा आणि डोक्यावर बसायचा कार्यक्रम झाला, त्यात बोटीनं दोनदा भोंगा दिला. मंदानाबाईंनी आईचा हात धरून तेहरानला घरी या म्हटलं. आई म्हणाली, येईन. (ही म्हणाली म्हणजे जाईलही. त्या बिचारीला कल्पना नाही.) तर असं आमचं दर्शन झालं. आईला दिसत नाही हे मी सिद्ध करू शकलो नाही, म्हणजे माझा बेत साफ फसला. बुधवारी दाजी येतील, नेतील, जे व्हायचं ते होईल. तू म्हणाल्याप्रमाणे तू नाही आलीस तरी चालेल, तुझ्या मनाला त्रास करून घेऊ नकोस. आम्ही निभावून नेऊ. मुलांना माझे मुके, दाजींना पुन्हा सलाम, वरच्या मजल्यावरच्या बाईला माझ्याकडून काहीही नको.

तुझा धाकटा, उन्हात करपलेला,
शंबे

ता. क. मासळीच्या रश्शाची बाटली नाखव्याबरोबर पाठवतोय. झाकण घट्ट नाही. बाटली उभी ठेव, नाही तर वासापायी दाजींची गाडी मोडीत काढावी लागेल.

ता. क. आणखी थोडं. वर लिहिलंय की तू आली नाहीस तरी चालेल. ते खरं नाही. पत्र फाडून पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून ते तसंच ठेवलंय. दरीत एक गोष्ट झाली ती मी गाळली होती. ती दोघं वळणाआड असताना आईनं मागची गाठ सोडली आणि नकाब काढून मांडीवर ठेवला. म्हणाली, ‘तू गाईड ना? मग सांग काय दिसतंय. तुझी ती ड्रॅगनची आणि राणीची गोष्ट नको. जे आहे ते सांग.’ ताई, मी लहान असल्यापासून तो चेहरा असा उन्हात बघितलाच नव्हता. दोस्तमहंमद असता तर म्हणाला असता, गुलाबाचं फूल आहेस मावशी. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. पण आता पुरे झाली ती आदब, असं वाटलं. मी सांगितलं. हनुवटी काळपट आहे, तिच्यावरचा सगळा भाग पांढराफटक आहे, नाकावर आणि गालांवर निळीचे डाग आहेत ते आता जायचे नाहीत. सुरकुत्या पुष्कळ आहेत. एक दात दिसत नाही. ती मान हलवत ऐकत होती, पावसाची बातमी ऐकावी तशी. मग मी म्हटलं, आणि आई, तू अगदी झुलेखाताईसारखी दिसतेस. बोटभर फरक नाही.

तिनं विचारलं, ‘झुलेखा कशी दिसते आता?’ मी म्हटलं, म्हणजे काय, ईदला नाही का आली होती, तुझ्यासमोर दोन दिवस होती? तर म्हणाली, ‘तिच्या अंगावर पांघरलेली पिवळी चादर दिसली. आतली पोरगी नाही दिसली. आवाजावरून वाटलं वाळलीय.’ मला रडू फुटलं, ताई. मी मोठ्यानं रडलो, शांततेच्या दरीत. तिनं माझी पाठ थोपटली आणि नकाब बांधला.

ती बुधवारी येणार आहे. स्वतः म्हणाली. फक्त म्हणाली की पट्टी सोडताना कुणी माझ्या हातात आरसा द्यायचा नाही. म्हणून तुला हात जोडून सांगतो, सगळा राग, दोन वेळा झालेला अपमान, रांगेतलं उभं राहणं, सगळं माझ्या खात्यावर टाक आणि ये. नर्सला आरसा लपवायला सांग आणि पट्टी सुटेल तेव्हा तू समोर उभी राहा. आधी तिला तुझा चेहरा बघू दे. मग स्वतःचा तिला ओळखीचा वाटेल. दाजी यात कामाचे नाहीत, त्यांना मिशा आहेत.

ता. क. शेवटचं. माझी लेखणी थांबली आणि मी नाक ओढलं, एवढ्यावरून तिला कळलं. आता इथे शेजारी येऊन बसलीय आणि सगळं वाचायला लावलंन पहिल्यापासून. दोस्तमहंमदाच्या ठिकाणी हसली. (म्हणाली, मला ठाऊक होतं तो खडक आहे, मी त्याची परीक्षा घेत होते. खरं-खोटं खुदाला माहीत.) माती थुंकले हे लिहायला नको होतं म्हणाली. बाकी सगळं मान्य आहे, एक सोडून. ते जसंच्या तसं लिही म्हणून माझ्या डोक्यावर बसलीय: ‘मी झुलेखासारखी दिसत नाही. झुलेखा माझ्यासारखी दिसते. क्रम नीट लाव. आणि तिला कळव, पट्टी सोडतील त्या दिवशी केस विंचरून, जरा बरे कपडे घालून ये. मी बघणार आहे.’